शिंग नंतर पुरा, आधी छाटणीची तारीख ठरवा

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणाने विचारलंय. दिंडोरी तालुक्यात त्याच्या काकांची तीन एकर वाइन द्राक्षं आहेत, दोन एकर शिराज आणि एक एकर चेनिन ब्लां. आजवर माल कराराने एका वायनरीला जायचा. आता याला ती बाग सेंद्रिय, पुढे बायोडायनॅमिक (म्हणजे गाईच्या शिंगात शेण पुरून केलेलं खत वापरायची, चंद्राचं पंचांग बघायची सेंद्रिय पद्धत) करायची आहे आणि छोट्या प्रमाणावर स्वतःची वाइन काढायची आहे. त्याचे प्रश्न तीन: शिंगाचं खत कुठे मिळेल, प्रमाणपत्राचं काय, आणि अशी वाइन खरंच वेगळी लागते का. काकांचं म्हणणं त्याने शेवटी जाता जाता लिहिलंय: "औषध नाही मारलं तर पन्नास दिवसांत बाग हातची जाईल."

मी काकांच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्या प्रश्नात तेच वजनदार आहे.

आमची सहा एकर वाइन द्राक्षं आहेत. सासरे, म्हणजे तात्या, त्याआधी पंचवीस वर्षं थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, पिकवायचे. मी 2011 पासून रासायनिक फवारणी कमी करत आणली आणि आता त्यातली साडेतीन एकर पूर्ण सेंद्रिय आहे. बायोडायनॅमिकचे प्रयोगही मी करते. सुरुवातीला मीसुद्धा तुमच्यासारखीच शिंगापासून निघाले होते आणि पहिल्या दोन हंगामांत नीट मार खाल्ला. म्हणून सांगते, सेंद्रिय की बायोडायनॅमिक हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. नाशिकमध्ये तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे गोडी छाटणी कोणत्या तारखेला घ्यायची. तुम्हाला बुरशीवर किती तांबं फवारावं लागेल, द्राक्षात आंबटपणा किती उरेल, टाकीत सल्फर किती घालावं लागेल, हे बहुतेक सगळं त्या तारखेवरून ठरतं.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. आपला झोपत नाही. म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी घेऊन काडी तयार करतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी घेऊन माल धरतो. छाटणीपासून दहा-बारा दिवसांत पोंगा, म्हणजे डोळा फुटतो, पुढे पाचेक आठवड्यांनी फुलोरा, मग सेटिंग, म्हणजे मणी धरणं. काका म्हणतात ते पन्नास दिवस हेच. कोवळी फूट, कोवळा घड, आणि वर परतीचा पाऊस. पाऊस गेला तरी पहाटेचं दव आहेच. डाऊनीला, म्हणजे केवडा रोगाच्या बुरशीला, याहून जास्त काही लागत नाही. पानावर तेलकट डाग दिसला आणि त्या रात्री पान ओलं राहिलं, की सकाळी खालच्या बाजूला पांढरी लव. घडावर आला तर तो घड गेलाच समजा.

मग उशिरा छाटा, असं कोणीही म्हणेल. तसं केलं तर माल मार्चच्या उन्हात पिकतो. गोडी चढते, पण आम्ल झरझर उतरतं, पीएच वर जातो, आणि त्याची किंमत तुम्ही तळघरात मोजता. (तळघर म्हणायचं आपलं, आमच्याकडे पत्र्याची शेड आहे आणि आत थंड पाण्याच्या जॅकेटच्या टाक्या.) म्हणजे लवकर छाटलं तर डाऊनी, उशिरा छाटलं तर सपक वाइन. या दोन्हींच्या मधल्या फटीत सेंद्रिय वाइन द्राक्ष बसवायचं असतं. रासायनिकवाल्याची फट रुंद असते, कारण त्याच्याकडे आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणारी बुरशीनाशकं असतात, डाग दिसल्यावरही मारता येतात. आपल्याकडची बहुतेक औषधं डाग पडायच्या आधी पानावर असली तरच उपयोगाची.

यातलं बरंच तुमच्या जागेवर अवलंबून आहे, ते आधी कबूल करते. बाग उतारावर आहे की ओढ्याकाठी? ओळींमधून वारा वाहतो का? शेजारी कोण आहे? शेजारच्या टेबल ग्रेप्सच्या ब्लोअरचा फवारा वाऱ्याने तुमच्या दोन-तीन ओळींवर येणारच, त्या ओळी प्रमाणपत्राच्या हिशोबात सोडून द्याव्या लागतात. वेल डॉगरिज खुंटावर कलम केलेले असतील तर ताकद फार असते, फूट दाट होते, आणि दाट फूट म्हणजे ओलं पान. चेनिनचा घड मुळात गच्च, मणी एकमेकांत रुतलेले, एक मणी फुटला की आतून कूज धरते. शिराज त्या मानाने सोसते. हे सगळं न बघता "होईल" किंवा "नाही होणार" असं सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतोय.

आता तांबं. लोकांना वाटतं सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही. सेंद्रिय द्राक्षात फवारण्या उलट जास्त होतात. फरक एवढाच की त्या बोर्डोच्या, गंधकाच्या, जैविक बुरश्यांच्या असतात. बोर्डोची गोष्ट मजेशीर आहे. 1880 च्या दशकात फ्रान्सच्या मेदॉक भागात रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना मारून ठेवत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. त्याच ओळी डाऊनीतून वाचल्या हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्याने मिश्रण प्रसिद्ध केलं. आपल्याकडे आजही तेच आहे. पण हिशोब करून बघा. युरोपात सेंद्रिय बागेला सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 4 किलो, एकरी साधारण 1.6 किलो. मोरचुदात चौथा हिस्सा तांबं असतं. एक टक्का बोर्डो एकरी 400 लिटर मारलं तर 4 किलो मोरचूद, म्हणजे 1 किलो तांबं गेलं. दीड फवारणीत वर्षाचा कोटा संपला!

म्हणून मी कोवळ्या फुटीवर पाव टक्क्याच्या वर जात नाही. एक टक्का तसाही कोवळी पानं जाळतो. पाव टक्का, 200 लिटर पाणी, म्हणजे अर्धा किलो मोरचूद, सव्वाशे ग्रॅम तांबं. अशा बारा फवारण्या कोट्यात बसतात. मिश्रण त्याच दिवशी वापरायचं, चुना ताजा हवा, आणि विळा बुडवून बघायचा. लोखंडावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. तात्या अजून पीएच पट्टीवर विश्वास ठेवत नाहीत, विळाच बुडवतात, आणि दोन्ही उत्तरं नेहमी जुळतात. तांबं जमिनीत कुजत नाही, विरत नाही, साठतच जातं, आणि गांडुळांना ते मानवत नाही. सेंद्रियच्या नावाखाली बिनधास्त तांबं ओतणाऱ्यांपेक्षा जपून रसायन वापरणारा शेतकरी मला बरा वाटतो. हे माझ्या काही मित्रमंडळींना आवडत नाही.

पावसातलं दुसरं हत्यार म्हणजे हात. विरळणी, बगलफुटी काढणं, घडाभोवतीची पानं काढणं. आमच्याकडे सेटिंगनंतर लगेच सकाळच्या उन्हाच्या बाजूची पानं काढतात. दुपारच्या बाजूची राखतात, नाहीतर मणी भाजतात. मजुरीचा मोठा खर्च इथेच जातो आणि यातला एक रुपयाही वाचवता येत नाही.

काकांशी वाद होईल तो आणखी एका गोष्टीवरून. छाटणीनंतर डोळ्यांवर लावायची हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट सेंद्रियमध्ये चालत नाही. आपल्या हवेत थंडीची झोप नसल्यामुळे तिच्याशिवाय फूट मागेपुढे होते, काडीच्या टोकाचे डोळे आधी पळतात. मी लसणाचा अर्क लावून पाहिला. निम्मं काम करतो, सगळं नाही. शेवटी मी मागेपुढे फूट मान्य केली आणि तोडणी दोन वेळा करायला लागले. फॉस्फोनेट या बुरशीनाशकाचंही तसंच. डाऊनीवर ते छान चालतं, तालुक्यात सगळे मारतात, पण सेंद्रियमध्ये बसत नाही. आणि दुकानातल्या "वनस्पतिजन्य" बाटल्यांपासून सावध. एका हंगामात अशा एका बाटलीमुळे माझ्या मालाच्या तपासणीत रासायनिक कीटकनाशकाचा अंश निघाला, आणि त्या मालावर सेंद्रिय लिहिता आलं नाही. घरी केलेला दशपर्णी अर्क निदान आपल्या डोळ्यांदेखत तयार झालेला असतो.

2019 सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्या वर्षी परतीचा पाऊस परतलाच नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस क्यार, लगेच मागून महा, अशी दोन चक्रीवादळं अरबी समुद्रात. मी चेनिन 28 सप्टेंबरला छाटली होती, म्हणजे ऐन फुलोऱ्यात पाऊस. बोर्डो मारावं तर दुपारी धुऊन जायचं. ट्रॅक्टर ओळीत रुतायचा, म्हणून पाठीवरचे पंप घेऊन आम्ही चिखलातून फिरलो. एके सकाळी बॅटरी घेऊन गेले तर घड कॉफीच्या रंगाचे. चेनिन जवळजवळ सगळी गेली. शिराज 17 ऑक्टोबरची होती, ती नुकती फुटत होती, तिच्यावर अजून घड उघडे नव्हते. ती वाचली. औषधं सारखीच, माणसं तीच, शेण-शिंग तेच. फरक छाटणीच्या एकोणीस दिवसांचा. तेव्हापासून मी सगळी बाग एका आठवड्यात छाटत नाही, तीन तुकड्यांत छाटते, आणि पहिला तुकडा सगळ्यात हवेशीर जागेचा.

आता तुमच्या शिंगाकडे येते.

1924 च्या जूनमध्ये रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन तत्त्वज्ञाने कोबरविट्स इथे, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये, शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्यानं दिली. बायोडायनॅमिक तिथून आली. 1928 पासून डेमेटर हे तिच्या मालाच्या प्रमाणपत्राचं चिन्ह. गंमत म्हणजे स्टायनर स्वतः दारूच्या विरोधात होता, आणि आज त्याचं नाव सगळ्यात जास्त वाइनच्या बाटलीमुळे ऐकू येतं. फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठच्या सात हेक्टरांच्या कुले द सेरांमध्ये निकोला जोलींनी 1980 च्या दशकात ती आणली. बर्गंडीतली रोमाने-काँतीसारखी जगातली सर्वांत महाग बागही याच पद्धतीने चालते.

प्रत्यक्षात काम असं: व्यालेल्या गाईच्या शिंगात ताजं शेण भरून ते शरदात पुरायचं, वसंतात काढायचं. त्याला 500 म्हणतात. एकरी 25 ग्रॅम, 13 लिटर कोमट पाण्यात, तासभर ढवळायचं. एका दिशेने भोवरा झाला की उलट्या दिशेने. मग संध्याकाळी कुंच्याने जमिनीवर मोठे थेंब शिंपडायचे. 501 म्हणजे शिंगात पुरलेली गारगोटीची पूड, एकरी एक ग्रॅम, पहाटे पानांवर धुक्यासारखी. मी पहिल्यांदा खड्डा खणून त्यात शिंगं मांडत होते तेव्हा बांधावरून शेजारच्या आजी बघत होत्या. संध्याकाळी त्यांचा मुलगा तात्यांना हळूच विचारायला आला, वहिनींना काही त्रास आहे का, करणीबिरणी? पुढे महिनाभर आमच्या बागेत पेरू तोडायला पोरं फिरकली नाहीत. द्राक्षाला फायदा झाला की नाही ते सांगता येत नाही, पेरूला झाला.

या पद्धतीचा सगळाच भाग इथे जसाच्या तसा बसत नाही. खतात घालायला यारो या वनस्पतीची फुलं नर हरणाच्या मूत्राशयात भरायची असं मूळ सांगणं आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात ते बसतच नाही. कॅमोमाइल, डँडेलियन वगैरे थंड देशातली, तयार मागवावी लागतात. त्यापेक्षा सीपीपी, म्हणजे विटांच्या उथळ खड्ड्यात 60 किलो शेण, अंड्याची टरफलं, बेसाल्टची पूड आणि ही तयार खतं घालून मुरवायची पद्धत, आपल्याकडे जास्त रुळली आहे. बेसाल्टची पूड विकत मात्र घेऊ नका. अख्खा नाशिक जिल्हा बेसाल्टवर बसलाय, खडी क्रशरवर मागा.

फायदा होतो का? कॅलिफोर्नियात मर्लोच्या बागेत सहा वर्षं सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक शेजारी-शेजारी करून पाहिलं. 2005 मध्ये निष्कर्ष छापला, मातीत फरक सापडला नाही. जर्मनीत गायझेनहाइमच्या चाचण्यांत दोन्ही पद्धतींत वाढ आणि उत्पादन रासायनिकपेक्षा कमी आलं, पण त्या दोघींमध्ये नाव घेण्यासारखं अंतर नव्हतं. बायोडायनॅमिकवाले चंद्राचं पंचांग बघून दिवसांना फळाचे, मुळाचे अशी नावं देतात, त्याचंही तसंच. "फळाच्या दिवशी" वाइन चांगली लागते म्हणतात, त्यावर न्यूझीलंडमध्ये जाणकारांना पिनो न्वार वाइन पाजून पाहिलं, 2017 मध्ये निकाल आला, दिवसाने फरक पडला नाही. माझी स्वतःची बाग यापेक्षा वेगळं काही सांगत नाही. सेंद्रिय झाल्यावर चौथ्या वर्षी माती बदललेली मला फावड्याला कळली, गवताच्या आच्छादनाखाली गांडुळं आली, पावसाचं पाणी ओळीत थांबेना. शिंगाने त्यात वेगळी भर घातली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तरी मी 500 करते, वर्षातून दोनदा. त्या तासभराच्या ढवळण्यात आम्ही दोघी-तिघी बायका बसलेल्या असतो आणि कुठल्या ओळीत भुरी (पानावरची पांढरी बुरशी) दिसली, कुठे ड्रिपर बंद आहे, हे सगळं तिथेच निघतं.

वाइन वेगळी लागते का, याचं उत्तर टाकीपाशी आहे. इथे पुन्हा तारीख येते. गंधकाची शेवटची फवारणी तोडणीच्या फार जवळ गेली तर ते कातडीवर राहतं आणि किण्वनात, म्हणजे रस आंबताना, यीस्ट त्याचा सडक्या अंड्यासारखा वास करतं. मी तोडणीआधी सहा आठवडे गंधक बंद करते. भुरी आलीच तर पोटॅशिअम बायकार्बोनेट. मग पीएच. द्राक्षं 3.4 ला तोडली तर पांढरी वाइन सुरक्षित ठेवायला मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरला साधारण 32 मिलिग्रॅम पुरतं. तेच 3.8 ला गेलं तर तेवढ्याच संरक्षणाला 80 च्या आसपास लागतं. म्हणजे "कमी सल्फाइट" (सल्फाइट म्हणजे हेच सल्फर) हे बाटलीत ठरत नाही, ते जानेवारीत तोडलंत की मार्चमध्ये, यावर ठरतं.

सल्फाइट अजिबात नसलेली वाइन नसते, यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं. युरोपात सेंद्रिय कोरड्या लाल वाइनला लिटरला 100 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, पांढरीला 150. अमेरिकेत मात्र "ऑरगॅनिक वाइन" म्हणायचं तर वरून घालता येत नाही. डोकं दुखलं की लोक सल्फाइटला शिव्या देतात. तेच लोक केशरी जर्दाळू मूठभर खातात, त्यात वाइनच्या कितीतरी पट सल्फाइट असतं.

सल्फर न घालता बाटली भरायचा मोह तुम्हाला होईल. मलाही झाला होता. मे महिन्यात नाशिक-मुंबई टेम्पोत दुपारी पडून राहिलेल्या बाटल्यांनी तो उतरवला. उघडल्यावर व्हिनेगर आणि नेलपॉलिशच्या मधला वास. थंड साखळी नसेल तर थोडं सल्फर घाला आणि लाजू नका. जंगली यीस्टवर किण्वन जरूर करा, पण एका छोट्या टाकीत, आणि रोज मोजमाप घेऊन.

चवीचं म्हणाल तर माझी चेनिन आता पूर्वीपेक्षा आटोपशीर लागते, पेरूचा वास कमी, आंबट धार जास्त. यातलं किती सेंद्रियचं आणि किती कमी मालाचं, ते वेगळं काढता येत नाही. पूर्वी एकरी चार-साडेचार टन घ्यायचो, आता अडीच. एका टनातून साधारण 600 लिटर वाइन, म्हणजे 800 बाटल्या धरा.

प्रमाणपत्राचं थोडक्यात: आपल्याकडे एनपीओपी, म्हणजे सेंद्रिय प्रमाणपत्राच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली, बहुवर्षायू पिकाला रासायनिकमधून सेंद्रियमध्ये यायला तीन वर्षांचं रूपांतर असतं. ती तीन वर्षं खर्च सेंद्रियचा आणि भाव साध्या मालाचा. डेमेटरसाठी आधी सेंद्रिय असावंच लागतं, त्यामुळे घाई नाही. वायनरीचा परवाना राज्य उत्पादन शुल्क खात्याचा, आणि तुमच्या तीन एकरांसाठी पहिल्या दिवशी स्वतःची वायनरी बांधू नका. परवाना असलेल्या एखाद्या छोट्या वायनरीत आपली एक टाकी वेगळी काढून घ्या.

तर क्रम असा. यंदा काकांची अडीच एकर काकांच्या पद्धतीने चालू द्या, कराराचा माल जाऊ द्या. शिराजमधली सगळ्यात वाऱ्याची अर्धा एकर तुमच्याकडे घ्या. चेनिनला हात लावू नका. एप्रिलच्या खरड छाटणीआधी मातीचा नमुना द्या आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं वेगळी सांगून मागा, तांब्यासकट. नेहमीच्या स्वस्त अहवालात ते येत नाही. तिथे आधीच वीस वर्षांचं बोर्डो साठलेलं असेल तर तुमच्या बारा फवारण्यांचं गणित बारावर राहणार नाही. तो आकडा हातात आला की मला कळवा, मग छाटणी 10 ऑक्टोबरला घ्यायची की 20 ला, ते काकांना समोर बसवून ठरवू.